मतदानाने ठरलेलं रेझिन

केडगावच्या आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबात विमानं फार उडाली नाहीत, किस्से मात्र ढिगानं साठले. आम्ही जुने लोक चहाला बसलो की एखादा निघतोच, आणि हसता हसता तोंड कडू होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. क्लबाला अध्यक्ष होते, सेक्रेटरी होता, आणि सगळं हात वर करून ठरायचं. साधा ब्रश आणायचा तरी मतदान! राबणारा मात्र एकच, पॉलिटेक्निकला शिकवणारा साळवे. ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या तरंगत्या मॉडेल विमानाचं, डिझाइन त्याचं. पुण्याच्या स्पर्धेत ते आपल्या हातानं उडवायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

पंख करायची रीत अशी: थर्मोकोलवर काचेचं कापड अंथरायचं, त्यात रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, जिरवायचं, मग सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं हवा ओढायची. म्हणजे कापड घट्ट बसतं. साळवे म्हणाला, "सावकाश सुकणारं इपॉक्सी रेझिन लागेल."

अध्यक्ष आबा श्रीगोंद्याचे. त्यांचा मेहुणा फायबरच्या टाक्या करायचा. "टाकीचं रेझिन हाय की घरचं. टाकी फुटती का कधी?" मतदानात टाकी जिंकली. त्या रेझिननं थर्मोकोल खाऊन टाकलं, पिशवीत नुसतं चुरगाळलेलं कापड उरलं. आबा म्हणाले, "वजन तर कमी झालं!"

मग इपॉक्सी मंजूर झालं, पण झटपटवालं, कारण सेक्रेटरीला जेवायला घरी जायचं होतं. मे महिना. कालवायच्या मगातच ते तापलं, धूर निघाला आणि ब्रश उभाच्या उभा थिजला. सभेनं ठराव केला: ब्रश वेळेत न काढल्याबद्दल साळवे यांना समज द्यावी.

शेवटी सावकाशवालं आलं, तेही ऐन थंडीत, म्हणजे सुकायला आणखीच वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीला दम निघाला नाही, त्यानं पिशवी फाडली. ओलं कापड हाताबरोबर सोलून आलं. "लई बोगस माल," म्हणाला.

पुढच्या वेळी साळवेनं रजा टाकली. खोली उबदार राहावी म्हणून शेगडी पेटवली आणि पिशवीशेजारी बसून राहिला. कोणाला हात लावू दिला नाही. पंख असा गुळगुळीत निघाला की तो बराच वेळ त्यावरून नुसता तळवा फिरवत होता.

मग स्पर्धेत ग्लायडर कोणी उडवायचं यावर सभा. सेक्रेटरीनं आबांचं नाव सुचवलं. आबांनी तोवर पतंगसुद्धा धड उडवला नव्हता. एकेक हात वर जायला लागला. माझं डोकं सणकलं होतं, मी हाताची घडी घालून बसलो.

साळवेनंही हात वर केला. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "कर की हात वर. बिनविरोध होऊ दे."