सर्वर डाउन है, अम्मा

बाळांनो, सिविल लाइंसच्या जनसेवा केंद्रातल्या भैयाजींचं नाव मी कधी विचारलं नाही. काम सरकारचं, मशीन कंपनीचं, बोलणी मात्र हे खातात. प्रत्येक म्हातारीचा अंगठा आपल्या रुमालानं पुसून ते हलकेच काचेवर टेकवतात.

आज रांगेत माझ्या पुढे गुरसराय गावची अम्मा होती. हयातीचा दाखला निघाला नाही तर तिची पेन्शन थांबणार. भांडी घासून झिजलेला अंगठा तीनदा टेकवला. पडद्यावर इंग्रजीत आलं, ठसा जुळत नाही. असं कुणाच्या तोंडावर सांगणं भैयाजींना जमत नाही.

“सर्वर डाउन है, अम्मा. कल आइए.”

“कल पक्का हो जाएगा, भैया?”

“पक्का.”

दाखल्याची आज शेवटची तारीख होती. पडदा मीही वाचला होता, आणि मीही गप्प बसले.