पडावाचा दरवाजा

कोकणातल्या आमच्या गावच्या बंदरात मुंबईची बोट कधी धक्क्याला लागली नाही, कारण तिथे धक्काच नव्हता. बोट खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, निघायचे, बोटीच्या कुशीतला एक लोखंडी दरवाजा उघडायचा आणि त्यातून माणसं खाली पडावात उतरायची. लाटेबरोबर पडाव वर आला की पाऊल टाकायचं. थांबलात तर तो पुन्हा पुरुषभर खाली गेलेला असायचा. लहानपणी एकदा मी दरवाजात घट्ट उभी राहून रडायला लागले, तेव्हा आईने मला एका काखोटीला मारलं, दुसऱ्या काखेत गाठोडं घेतलं आणि ती सरळ उतरली.

पुढे अशाच एका दरवाजाचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं.

मुलींच्या पॉलिटेक्निकमधला कोर्स संपवून मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे आराखडे ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायला, लागले होते. खाली पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना होता आणि वर आम्ही जहाजांचे आराखडे करायचो. त्या वर्षी कोकण किनाऱ्याचं काम आलं. जुन्या बोटी थकल्या होत्या. त्यांच्या जागी नव्या कशा असाव्यात ते कागदावर मांडून द्यायचं होतं.

ऑफिसात मी विक्रोळीला राहते असं सांगितलं होतं. विक्रोळी म्हटलं की लोकांना कंपनीची कॉलनी, झाडं, रुंद रस्ते आठवायचे. खरं तर आम्ही कांजूरमार्गला, खाडीच्या बाजूच्या चाळीत राहत होतो. गिरणी संपात गेल्यावर बाबा विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहत. म्हणजे विक्रोळी हे अगदीच खोटं नाही, असं मी स्वतःला समजवायची. शाळेतही मी अशीच होते. मैत्रिणींना घरी आणायची नाही, डब्यात सुकट द्यायची नाही असं आईला बजावायची. आई हसून म्हणायची, "इंग्रजी शाळेत गेल्यार वास बदालता काय गो चेडवा?"

तेव्हा ती हसायची. मी नोकरीला लागले त्या वर्षी तिच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही असं डॉक्टर म्हणाले. पंधरा मिनिटांवर तिला बसवत नसे. आडवं पडलं की बरं वाटे. तिला एकच गोष्ट हवी होती: गावी, आपल्या घरात जायचं. एसटीने चौदा तास, तेही घाटातून, शक्यच नव्हतं. पण बोटीत डेकवर सतरंजी टाकून आडवं पडून जाता येतं.

"माका बोटीत घाला," ती म्हणायची. "निजान जातलंय मी."

दर पावसाळ्यासारख्या जूनमध्ये बोटी बंद झाल्या होत्या. गणपतीनंतर त्या पुन्हा सुरू झाल्या की पहिल्याच बोटीने तिला न्यायचं, असं बाबांनी ठरवलं.

त्या पावसाळ्यात मी आराखड्याची एक प्रिंट घरी आणली. ताज्या प्रिंटचा अमोनियाचा वास खोलीभर पसरला. बाबांनी जमिनीवर कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मागांची दुरुस्ती करण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यांना ड्रॉइंग समजे. आई चटईवर कुशीला वळली.

"दरवाजो खंय?" तिने विचारलं. मी बोट ठेवून दाखवला.

"उंबरो इतको उंच? लुगडा अडाकतला. आणि ही धरूची कडी इतक्या वर कित्याक? एका हातात पोर, दुसऱ्या हातात बोचका. कंबरेकडे होयी ती."

"आणि रुंद कर," बाबा म्हणाले. "आजारी माणसाला खुर्चीत बसवून उतरवतात. खुर्ची आणि दोन बाजूंना दोन माणसं, एवढी जागा हवी."

"माझीच खुर्ची मोजून बघतास काय?" आई म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो.

मी ऑफिसात तसंच काढलं. बुटका उंबरठा, कमरेच्या उंचीला कडी, खुर्ची जाईल एवढी रुंदी. आमचे साहेब कागदावर वाकून बराच वेळ पाहत राहिले. "हे कुठून सुचलं तुला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"एका मासिकात वाचलं, सर," मी म्हणाले.

जुलैत मीटिंग झाली. बोटी चालवणाऱ्यांकडून तीन माणसं आली होती. लागेल तो कागद काढून द्यायला मला भिंतीशी बसवलं होतं. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. त्यांच्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याने पेन्सिल दरवाजावर टेकवली.

"हे कशाला?"

"धक्का नसलेल्या बंदरांसाठी," साहेब म्हणाले. "तिथे अजून पडाव येतात."

"म्हणजे पाण्याच्या इतक्या जवळ बोटीला भोक पाडायचं, प्रत्येक ठिकाणी तासभर खोळंबायचं, ते कोणासाठी? फणस आणि कोंबड्या घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी?"

टेबलाभोवती हशा झाला. साहेब माझ्याकडे वळले. "तू कोकणातली ना? तूच सांग. अजून असं उतरतं का कोणी?"

आज कळतं, त्यांनी मला विचारलं ते दरवाजा वाचवण्यासाठीच. त्यांचा आवाज तसा होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला फणस दिसला, कोंबड्या दिसल्या, काखोटीला मुलगी मारलेली बाई दिसली, आणि यातली कोणी माझी आहे हे त्या टेबलावर कोणाला कळू नये एवढंच मला वाटलं.

"नॉट रिअली, सर," मी म्हणाले. "एव्हरीबडी टेक्स द बस नाऊ."

माझे उच्चार छान होते. अधिकाऱ्याने मान डोलावली. मग नुसत्या नव्या बोटींचंच कशाला, तो म्हणाला, जुन्या बोटींनी तरी या मोसमात तिथे का थांबायचं? कोणीतरी ते लिहून घेतलं.

ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून काढतात. हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर कागदाला भोक पडतं. त्याच दुपारी मी दरवाजा खरवडला, जागा नखाने घासून गुळगुळीत केली आणि बोटीच्या अंगाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढली. 

घरी मी काहीच सांगितलं नाही. आई विचारायची, "दरवाजो झालो?" मी म्हणायची, "काम चालू आहे गं."

गणपती झाल्यावर बाबा तिकिटं काढायला गेले आणि हात हलवत परत आले. आमचं बंदर बंद झालं होतं. बोट जिथे थांबणार होती तिथून गाव एसटीने पाच तासांवर, मध्ये दोन खाड्या. तरी बाबांनी हार मानली नाही. एक जीप ठरवली, मागे गादी घातली. पनवेलच्या पुढे आईचं ओरडणं ड्रायव्हरला ऐकवेना. त्याने स्वतःच गाडी वळवली.

त्या संध्याकाळी बाबा भिंतीला टेकून बसले होते. "तू त्याच ऑफिसात आहेस ना गं?" ते म्हणाले. "हे ठरलं तेव्हा कोणीच काही बोललं नाही?"

मी तोंड उघडण्याआधी आई चटईवरून बोलली. डोळे मिटलेले होते.

"तिका कित्याक बोलतास? बारक्या पोराक कोण इचारता?"

मला विचारलं होतं. हे तीन शब्द मी तेव्हा म्हणायला हवे होते. मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं.

मार्गशीर्षात ती गेली, कांजूरमार्गलाच. शेवटच्या दिवसांत तिने गावाचं नावही काढलं नाही. ते मला जास्त लागलं. तोपर्यंत नव्या बोटींचं कामही थंडावलं होतं. त्या बोटी कधी बांधल्याच गेल्या नाहीत. सगळे आराखडे गुंडाळून कपाटावर पडले. माझ्या एका वाक्यामुळे बंदर बंद झालं असं मला वाटतं, असं मी एकदा साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू काहीही म्हणाली असतीस तरी त्यांनी बंद केलंच असतं." असेलही. ते कळायला मार्ग नाही.

तेरावा झाल्यावर मी बाबांना सांगितलं. मासिक, मीटिंग, बस, सगळं. 

"इंग्रजीत विचारलं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"चार माणसांनी तुझं ऐकावं, म्हणून तर त्या शाळेत घातली होती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग ते म्हणाले, "हसले होते का ते लोक? म्हाताऱ्यांना?"

"हो."

"तू?"

"थोडंसं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, एखादी मोजणी जुळल्यासारखी. माघात नोकरी सोडून ते एसटीने गावी गेले, कायमचे. मी चाळीतल्या खोलीत एकटी राहते. त्यांची पत्रं येतात. आंब्याला मोहोर आला, विहिरीचा काठ बांधला, पाठीमागचं छप्पर शाकारलं, सगळं लिहितात. माझी तब्येत विचारतात. "ये" असं मात्र अजून एकदाही लिहिलेलं नाही, आणि येऊ का, असं विचारायला मला धीर होत नाही.