पाच पुलांची घंटा

काकीचा फोन आला तेव्हा मी शनिवारची यादी लिहीत होते. सकाळच्या कॉफीबरोबर दिवसभराची कामं लिहून काढायची आणि आदल्या दिवशीचं राहिलेलं काम नव्या पानावर घ्यायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. सातव्या ओळीवर 'अण्णाकाकांना पुलावर नेणे' असं लिहून झालं होतं. ही ओळ मूळची गुरुवारची. गुरुवारहून ती शुक्रवारी आली आणि शुक्रवारहून शनिवारी. काकी म्हणाली, "तारा, काका उठीनात गे..." मी पेनाला टोपण लावलं, पायांत चपला घातल्या आणि निघाले. ती वही अजून तशीच आहे. त्या पानावर सातच्या पुढे काही लिहिलेलं नाही.

अण्णाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत आमची दोन घरं, मध्ये चार दारं. घरात मराठी आणि ओट्यावरून खाली उतरलं की तमिळ, असं आमचं कित्येक पिढ्यांचं चाललं आहे. आमच्या मराठीतले काही शब्द तुम्हाला पणजोबांच्या तोंडचे वाटतील. देवनागरी वाचता येणारं माझ्या वयाचं फारसं कुणी इथे नाही. मला येते ती काकांमुळे. संध्याकाळी ते परत आले की सायकलच्या मागच्या मडगार्डवरच्या धुळीत बोटाने एकेक अक्षर काढत आणि मला गिरवायला लावत. दुसऱ्या दिवशी नवी धूळ, नवं अक्षर. पाऊस पडला तर सुट्टी.

ते तिरुवैयारुच्या एका संगीतशाळेत तंबोरे लावायला जात. गाणं शिकवायला नव्हे, फक्त तंबोरे लावायला. बावीस तंबोरे होते आणि आठ वाजता वर्ग भरण्याआधी बावीसही सुरात हवेत. हवा दमट झाली की तंबोरे रुसतात असं ते म्हणत. त्यामुळे ज्या दिवशी सगळं गाव पावसाकडे बघत उशिरा निघे, त्या दिवशी काका तासभर आधी निघत. चित्रै महिन्याच्या उन्हात डोक्याला ओला पंचा. ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विनातल्या, पावसात खताच्या गोणीतलं प्लास्टिक कापून केलेली टोपी. आडीच्या, म्हणजे आषाढातल्या, वाऱ्यात पाटासुद्धा उडतो असं आमच्याकडे म्हणतात. त्या वाऱ्यात काका हँडलवर ओणवे होऊन जात, आणि मागून पाहिलं तर माणूस दिसत नसे, फुगलेला सदरा तेवढा चाललेला दिसे. त्या रस्त्यावरचे लोक त्यांना 'सायकल रायर' म्हणत. रायर म्हणजे इथल्या तमिळ माणसांच्या तोंडी आम्ही मराठी राव.

तंजावूरहून तिरुवैयारुला जाताना पाच नद्या लागतात. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. पाच नद्या, पाच पूल. काका प्रत्येक पुलाशी सायकलवरून उतरत आणि चालत पलीकडे जात. नदीला पाणी असो की नुसती वाळू, ऊन असो की वादळ, ते उतरायचेच. मी कॉलेजात असताना घड्याळ लावून त्यांच्याबरोबर गेले आणि घरी आल्यावर निकाल सांगितला, "काका, जाता-येता मिळून रोज पंचवीस मिनिटं वाया जातात."

"वाया कोठें गेलीं?" ते म्हणाले. "पुलावरच आहेत."

"पण उतरायचं कशाला?"

"वडील माणूस निजलेलं असलं तर तूं वरून ओलांडून जातेस का गे?"

मी म्हटलं, "नदी निजलेली कुठेय? वाहतेय."

"मग तर आणखीनच उतरायला पाहिजे," काका म्हणाले. आणि काकीकडे वळून, "ही यादीबाई आम्हांला वेळ शिकवालीय."

त्याआधीची एक सकाळ मला नेहमी आठवते. मी आठ वर्षांची असेन. मार्गळी महिना होता आणि धुकं इतकं की कॅरिअरवर बसलेल्या मला समोर काकांची पाठही अर्धीच दिसत होती. रस्ता नव्हता, भाताची शेतं नव्हती, माडांच्या झावळ्या मध्येच वरून यायच्या आणि विरून जायच्या. सायकल पुढे चालली आहे की एका जागी उभी राहून चाकं फिरवते आहे, कळत नव्हतं. लांब कुठल्या तरी देवळात लाउडस्पीकर लागला होता आणि त्याचा आवाज कापसातून आल्यासारखा येत होता. काका उतरले. मला मात्र बसूनच राहायला सांगितलं. "डोळे मीट. कितवा पूल, सांग." मी म्हटलं, डोळे उघडे ठेवून तरी कुठे दिसतंय? "दिसायला नोको. ऐक." मी ऐकलं. चाकाची टिकटिक आधी जवळ होती, ती एकदम रुंद झाली, खाली मोठी पोकळी असल्यासारखी. मग खालून पाणी ऐकू आलं, फार सावकाश. "दुसरा," मी अंदाजाने म्हटलं. "वेण्णार. बरोबर," काका म्हणाले आणि सायकल ढकलत चालत राहिले... आम्ही किती वेळ त्या पुलावर होतो, मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यात मी वेळ न मोजलेला तो एकच प्रवास असावा.

उन्हाळ्यात या नद्या कोरड्या असतात. जूनमध्ये वर, दूर, धरण उघडतात आणि पाणी खाली यायला काही दिवस घेतं. वर्तमानपत्रात बातमी येई ती धरण उघडल्याची. पाणी आमच्याकडे पोचल्याची बातमी काका आणत. गल्लीच्या कोपऱ्यावर ते घंटा वाजवत, जितक्या नद्यांना पाणी आलं तितक्या वेळा. एक, दुसऱ्या दिवशी दोन, मग मध्येच उडी मारून चार. समोरच्या माडीवरच्या कल्याणी मामी खिडकीतून ओरडत, "रायर, अजून एक कुठे अडलीय?" आणि काका खालून, "नटालीय मामी, नटून येईल!" ज्या दिवशी पाच घंटा वाजत त्या दिवशी काकी नारळाचा भात करी आणि गल्लीतल्या मुलांना ओट्यावर पानं मांडी.

मागच्या पावसाळ्यात, शहात्तराव्या वर्षी, ते ओल्या रस्त्यावर पडले. कोपर मोडलं. मी दवाखाना, प्लास्टर, औषधांच्या वेळा, सगळं व्यवस्थित केलं आणि त्यातच सायकलला कुलूप घालून किल्ली माझ्या घरी आणली. माझ्या घरी किल्ल्यांची एक फळी आहे, प्रत्येकीला चिठ्ठी. मी नवी चिठ्ठी लावली, 'अ. काका – सायकल'. संगीतशाळेने सांगून पाहिलं, रिक्षा पाठवतो. एक आठवडा ते रिक्षाने गेले, मग म्हणाले, आता पुरे. मी यादीतल्या 'काकांची सायकल बंद करणे' या ओळीपुढे बरोबरची खूण केली होती.

या जूनमध्ये धरण उघडल्याचं मी त्यांना वाचून दाखवलं. तेव्हा पडल्यापासून पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं.

"पाणी आलं की मला वेण्णाराच्या पुलावर ने. किल्ली दे. बसत नाहीं मी. नुसता हातांत धरून चालतों."

"नक्की काका. रविवारी जाऊ या."

"पाणी काय आयतवार पाहून येतं गे?" ते हसले.

पाणी गुरुवारी आलं. मला कळलं होतं. मी ज्या शाळेच्या कार्यालयात काम करते तिथे प्रवेशाचे दिवस होते. बाहेर पालक, आत फायली. गुरुवारी जमलं नाही, शुक्रवारी जमलं नाही. पाणी कुठे पळून जाणार होतं? पुढे सहा महिने ते तिथेच असणार. माझं गणित बरोबर होतं. मी फक्त पाण्याचंच धरलं होतं.

काका गेल्यानंतर दहाव्या दिवशी काकीने मला सांगितलं. वेण्णारापलीकडून आमच्याकडे एक दूधवाला येतो, त्यानेही काकांच्या घंटा वर्षानुवर्षं ऐकलेल्या. शुक्रवारी सकाळी दाराशी येऊन त्याने सायकलची घंटा दोनदा वाजवली. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी दोन बोटं वर केली, त्याने मान हलवली. मग काका आत येऊन काकीला म्हणाले, "वेण्णार आला. ताराला फोन करूं नोको. धावत येईल, तिचीं कामं राहतील." काकीने हे मला दुखवायला सांगितलं नव्हतं. काका शेवटचं काय बोलले, कुठल्या बोलण्यावर हसले, असं ती सगळ्यांना सांगत होती, त्यातलंच हे एक. मी आत गेले आणि पाण्याच्या घागरी मोजत बसले. त्या चारच होत्या.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फळीवरची किल्ली काढली. महिनोन्महिने बंद राहिलेलं कुलूप तेल घातल्यावर उघडलं. चाकांत हवा भरली आणि निघाले. मला वाटलं होतं मी रडेन, पण पॅडल इतकं जड होतं की रडायला दम उरला नाही. पहिल्या पुलावर उतरले. दुसऱ्यावर उतरले आणि कठड्याशी सायकल टेकवून उभी राहिले. पाणी गढूळ होतं, त्यात माडाची एक झावळी सावकाश गोल फिरत चालली होती. डोळे मिटले. चाकाची टिकटिक नव्हती, कारण सायकल थांबलेली होती. मग ती हातात धरून चालू लागले, तेव्हा आवाज आला, तसाच, रुंद झालेला... कोणीतरी बाजूने चाललं आहे असं वाटावं इतका.

पाचही नद्यांना पाणी होतं. परत येईपर्यंत ऊन चढलं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर मी थांबले. सुतक संपून एकच दिवस झालेल्या घरासमोर घंटा वाजवावी की नाही, मला ठरवता येईना. मग वाजवली. पाच वेळा. समोरच्या माडीवरची खिडकी उघडली. कल्याणी मामींनी खाली पाहिलं आणि आत वळून त्या कोणाला तरी म्हणाल्या, "पाचही आल्या." काकी दारात आली होती. तिने सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन नारळ फोडला.

आता मी कार्यालयात त्याच सायकलने जाते. माझ्या वाटेवर एकच पूल लागतो, वडवाराचा. तिथे उतरते. चार मिनिटं लागतात. सकाळच्या यादीत सगळ्या कामांना वेळा लावलेल्या असतात, पण ती चार मिनिटं मी कुठेच लिहीत नाही. किल्लीची चिठ्ठी तीच ठेवली आहे, 'अ. काका – सायकल'. मागच्या मडगार्डवर, जिथे अक्षरं पुसून पुसून रंग गेला आहे, तिथे संध्याकाळी घरी येईपर्यंत पातळशी धूळ जमलेली असते. ती मी पुसत नाही.