अस्वल, शेळी आणि बाबांचा आवाज

रविवारी दुपारी आमच्या मुरुमच्या घरात मी जे ऐकले, त्यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास बसलेला नाही. एरवी मी इथे फारसे लिहीत नाही... पण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे बाबा शाळेत मराठी शिकवतात. दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात हळूहळू हलू लागला, पण वाचा काही परतली नाही. ज्यांनी मला बोलायला शिकवले, ते माझ्याकडे नुसते पाहत राहायचे...

स्पीच थेरपीच्या मॅडमनी रोजचा सराव सांगितला होता आणि सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, असेही बजावले होते. मी जाड कागदाची कार्डे केली. पाणी, पुस्तक, आकाश... वर सुवाच्य अक्षरात शब्द, खाली चित्र. कार्डे संपली की एखादा ललित निबंध वाचून दाखवायचे.

अलीकडे कार्ड दिसताच बाबा तोंड भिंतीकडे वळवू लागले होते. ते मोलाचे महिने सरत चालले होते आणि मला रोज थोडी जास्त भीती वाटत होती.

रविवारी आई एका लग्नासाठी उमरग्याला गेली, म्हणून सास्तूरहून आत्या सोबतीला आली. बाबांची धाकटी बहीण. उंबऱ्यातच माझ्या हातातली कार्डे पाहून म्हणाली, "ए मास्तरीणबाई, ठिव ते पत्ते. आजारी माणसाची रोज परीक्षा घेती व्हय गं?"

मी विचारले, "मग मालिका लावू का?"

"नगं. त्या बाया सारख्या वरडत्यात. बिनबोलाचं कायतरी लाव."

शोधता शोधता एक जुने कार्टून सापडले. कृष्णधवल, पडद्यावर ओरखडे, संवाद नाहीत, फक्त बँडचे संगीत... मी क्षणभर थबकले. आमच्या घरी कार्टूनला बंदी होती आणि ती बाबांनीच घातली होती. माझी दहावी होईपर्यंत टीव्ही केवळ बातम्यांपुरता लागे. आजवर मी एकही कार्टून धड पाहिलेले नव्हते.

एक लठ्ठ अस्वल दोरीवर कपडे वाळत घालत होते. त्याच्या पाठीमागे एक शेळी दुसऱ्या टोकापासून तेच कपडे शांतपणे खात येत होती. अस्वल वळले की शेळी साळसूदपणे आभाळाकडे पाही. अस्वल डोके खाजवून पुन्हा कपडे पिळू लागे...

आत्या ज्वारी निवडता निवडता हसत होती. माझेही लक्ष पडद्याकडे होते. तेवढ्यात बाबांची खुर्ची करकरली.

त्यांचे खांदे गदागदा हलत होते. तोंड एका बाजूला ओढले गेले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते. मला वाटले, पुन्हा झटका आला... मी धावले, त्यांचा हात घट्ट धरला. आणि मग समजले की बाबा हसत आहेत.

पडद्यावर दोरीवरचे कपडे संपले होते. शेळीने आता अस्वलाच्या अंगावरच्या विजारीला मागून तोंड घातले होते. आणि माझ्या कानाशी एक आवाज फुटला.

"आरं ये येड्या! मागं बघ की! मागं!"

पाठोपाठ एक असा शब्द आला, जो मला इथे लिहिता येणार नाही. तो शब्द काय, असली रांगडी बोलीसुद्धा बाबांच्या तोंडून मी जन्मात ऐकली नव्हती.

आत्याचे सूप कलंडले, ज्वारी घरभर झाली. "आगं, दादा बोलला! शिवी दिली गं दादानं!"

मी काय करावे? मी कार्टून थांबवले आणि पहिले कार्ड पुढे धरले. "बाबा, आता म्हणा... पा-णी." त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू विझले. मान पुन्हा भिंतीकडे वळली.

"बंद कशाला केलंस गं?" आत्या कडाडली. "शेळीनं इजार खाल्ली का न्हाय, ते तरी बघू दे की त्याला!"

ज्वारी गोळा करता करता तिने सांगितले. त्यांच्या लहानपणी सास्तूरला मोठा भूकंप झाला. त्यानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तेव्हा कोणीतरी पडदा बांधून असलीच कार्टून्स दाखवत असे, त्यात ही शेळीही होती. "पोरं लई भ्यालेली. हसायचंच इसरलेली. पयल्यांदा हसला त्यो तुजा बाप. सगळ्यांत मोठ्यानं वरडायचा, मागं बघ, मागं बघ म्हणून..."

मी बाबांकडे पाहिले. हे त्यांनी मला कधीच सांगितले नव्हते.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, असे उद्गार कधी कधी न ठरवता, वेगळ्याच वाटेने बाहेर पडतात, लगेच फार आशा धरू नका. ठरवून एखादा शब्द उच्चारला, तर मात्र जरूर कळवा. मी आशा आवरली... निदान तसा प्रयत्न तरी केला.

कोण्या दूर देशातल्या, बहुधा आज हयातही नसलेल्या चित्रकारांनी ती शेळी एकेक चित्र काढून चालवली असेल. सास्तूरचे शेड त्यांना ठाऊक नव्हते, आमचे घरही नाही. तरी त्यांची शेळी दोन्हीकडे पोहोचली. त्या सगळ्यांची मी फार ऋणी आहे.

काल संध्याकाळी मी सवयीने कार्डे घेऊन बसले. बाबांनी डावा हात उचलून कार्डावर पालथा ठेवला, टीव्हीकडे पाहिले. ओठ बराच वेळ जुळत होते, सुटत होते...

"लाव."

मी मॅडमना नंतर कळवले. आधी लावले.