हजार काजूगर आणि एक अंगठा

माझ्या जुन्या फोनला बटणं होती. पडद्याखाली इवल्या बटणांच्या ओळी, एकेका अक्षराला एकेक बटण. नवरा बोटीवर नोकरीला. एका सुट्टीत त्यानं तो आणला आणि पुढच्या सुट्टीत तो घरी येईपर्यंत माझा अंगठा त्या बटणांवर असा बसला की खाली बघायची गरजच उरली नाही. बटणांत काही अडकलं तर सुईच्या टोकानं काढायचं, वरून पदरानं पुसायचं, की झाला फोन नवा. सहा हंगाम त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही. माणसांबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

हंगाम म्हणजे ओल्या काजूगरांचा. होळीच्या आधी महिना-दीड महिना चालतो. झाडं सासूबाईंच्या नावावर, बिया फोडायला त्या आणि मी, आणि ऑर्डरी घ्यायच्या मी. हिरवी बी उभी चिरायची आणि सळईच्या टोकानं आतला गर अख्खा उचलायचा. गर शेकड्यानं जातात, मोडका गर शेकड्यात धरत नाहीत. बीच्या सालीतला डीक, म्हणजे चीक, बोटांना लागला की कातडी भाजते, काळी पडते आणि मग तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून बसण्याआधी हातांना खोबरेल चोपडायचं, ही सासूबाईंची शिस्त. चोपडूनही भाजतंच, पण कमी.

बी फोडता फोडता फोन वाजला की मी तेलकट अंगठ्यानंच उत्तर द्यायची. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेसुद्धा तहसीलदार कचेरीतलं: ‘आपली ऑर्डर मिळाली. शनिवारी माल तयार राहील. धन्यवाद.’ समोर बसलेल्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्या फक्त विचारायच्या, ‘किती व्हये?’ मी आकडा सांगायची आणि आम्ही पुढची बी उचलायचो.

यंदा पौषात, ऑर्डरी ज्यावर यायच्या ती फोनवरची निरोपांची सोय बंद पडली. जुन्या फोनवर आता ती चालणार नाही, असं दुकानदारानं सांगितलं. मी त्याच्याशी भांडले, जसं काही त्यानंच ती बंद केली होती. शेवटी नवऱ्यानं पैसे पाठवले आणि काचेचा नवा फोन आला. दुकानदारानं माझ्या बोटाचा ठसा घेतला आणि म्हणाला, ‘आता तुमच्याशिवाय हा कुणाला उघडणार नाही.’ मला बरं वाटलं. एवढा मान घरात कुठे मिळतो?

हंगाम सुरू झाला आणि आठव्या दिवशी तो मलाही उघडेना. ज्या बोटाचा ठसा त्यानं घेतला होता, त्या बोटाची कातडी सुटली होती. आकडे दाबून उघडावा तर काचेवर तेल आणि बोटांवर पापुद्रे. सात दाबलं की चार उमटायचं, नाहीतर काहीच नाही. मी बोट आणखी जोरात दाबायची. बटणांच्या फोनची सवय. ऐकत नाही म्हटल्यावर जोर करायचा, एवढंच मला ठाऊक.

हे सगळं माझ्या दिरानं पाहिलं. त्याचं मालवणच्या बाजारात दुकान आहे, त्यामुळे जगातला सगळा व्यवहार आपल्यालाच कळतो असं त्याला वाटतं. तो मनानं वाईट नाही, पण त्या दिवशी त्यानं माझ्यासमोरच आईला सांगितलं, ‘आये, ह्या वयनीच्यान जमाचा नाय. ऑर्डरी माझ्या फोनार येवंदेत. तुमी दोघींनी नुसता फोडूचा काम करूचा.’

सासूबाई बी चिरत होत्या. ‘बगूया,’ म्हणाल्या. ‘ह्यो शनवार जावंदे.’

झाडं त्यांची, शब्द त्यांचा. मी आतून तडकले. घरात माझं म्हणावं असं फार नाही. ते गिऱ्हाईक मात्र मी एकेक करून जोडलं होतं. ऑर्डरी गेल्या असत्या तर मी नुसती फोडणारी उरले असते.

नेमका त्याच आठवड्यात घोळ झाला. सावंतवाडीला खानावळ चालवणारी एक बाई दर शनिवारी आमच्याकडून दोनशे गर नेते. बुधवारी तिनं विचारलं, ‘या शनिवारी हजार मिळतील का?’ मला ‘नाही’ लिहायचं होतं. काच ऐकेना म्हणून मी तिच्या त्या ओळीवरच बोट दाबून धरलं, रागानं, चांगलं घट्ट. काहीतरी चित्रं वर आली आणि गेली. मी फोन पदराला पुसला, फडताळात टाकला आणि सावकाश उत्तर देऊ म्हणून विसरले.

शुक्रवारी दुपारी दीर जेवायला आला होता. फडताळात फोन वाजला, मी सांगितलेले आकडे दाबून त्यानंच तो उघडला आणि मोठ्यानं वाचलं: ‘उद्या सकाळी आठला माणूस पाठवते. हजार तयार ठेवा.’ वर, बुधवारच्या तिच्या प्रश्नाला चिकटून, माझा अंगठा होता. होकाराचा, पिवळाधमक. घरात गर होते चारशे.

‘म्हणान सांगी होतंय,’ दीर म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं कमी, रागाचं जास्त. मी फोन ओढून घेतला आणि लिहायला लागले. काच ढिम्म. दीर हात पुढे करून उभा. तेवढ्यात सासूबाईंनी सळई खाली ठेवली.

‘बोटाचा कातडा जळला,’ त्या म्हणाल्या, ‘हाडाक काय धाड इली? फणस ठोकतंस तसो ठोक त्याका.’

फणस पिकला की नाही हे बघायला आम्ही बोट दुमडून त्याच्या पेरानं ठोकतो. पेराला तेल नसतं, डीक नसतो. मी बोट दुमडलं आणि काचेवर हलकेच ठोकलं. काच ऐकली. पुन्हा ठोकलं, पुन्हा ऐकली. पण पेरानं सबंध पत्र लिहायला तिन्हीसांज झाली असती. कोपऱ्यात बोलून निरोप पाठवायची खूण होती. ती मी पेरानं दाबून धरली आणि कचेरीची भाषा आठवायला वेळच नसल्यामुळे घरात बोलते तशी बोलले.

‘बाय, माझ्या हाताक तेल होता, अंगठो चुकान गेलो. हजार गर माझ्याकडे नाय. चारशे आसत, ते देतंय. रागावू नकात.’

निरोप गेला. आम्ही तिघंही त्या फोनकडे बघत बसलो. दिराचा भात पानात तसाच.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. सहा वर्षांत मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. ‘अगो, चारशे तर चारशे. बाकी बटाटे घालून भागवतंय. पण गर तुमच्याच हातचे व्हये. एकव मोडको नसता. दरवेळेक लिवतंय, आज सांगतंय. काढता कोण ते?’

सासूबाई फोनकडे सरकल्या. मग म्हणाल्या, ‘परत लाव.’

मी लावला. त्यांनी तो तीनदा ऐकला. आणि मला, सांगायला लाज वाटते, तेव्हा कुठे कळलं. ही बाई खरंच दरवेळी लिहायची. आणखीही गिऱ्हाईकं लिहायची. मी वाचायची, मनात खूश व्हायची आणि सासूबाईंना फक्त आकडा सांगायची. ज्या हातानं मला सळई धरायला शिकवलं, त्या हाताचं कौतुक मी सहा हंगाम एकटीनं वापरलं होतं.

‘तिका सांगूक व्हया,’ त्या म्हणाल्या. मी खूण दाबून धरली आणि फोन त्यांच्या तोंडापुढे नेला. त्या फोनला नव्हे, थेट सावंतवाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, ‘मी काढतंय गो. सून पण काढता. तिचे मोडतत कधी कधी.’

मी हसले. दीरही हसला. मग हात धुऊन, जाता जाता, त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मगे आये, ऑर्डरींचा काय ठरला?’

सासूबाईंनी हाताला तेल चोपडलं आणि बी उचलली. ‘फोन हिच्याकडेच ऱ्हवांदे,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या दुकानात माका कोण ऐकवतलो?’