खोतांनी ठेवून घेतलेलं हँडल

तुमच्या मासिकात लोक पिंपळावरच्या आणि पडक्या विहिरीवरच्या गोष्टी लिहून पाठवतात. मी त्या वाचतो आणि हसतो. भूतबित मी मानत नाही. तरुणपणी तर माझं डोकं इतकं गरम होतं, की आमच्या गाडीला 'लागिर' आहे म्हणणाऱ्या एकाच्या कानाखाली मी भर बाजारात जाळ काढला होता. पण त्याच गाडीपुढे एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत मेला, आणि तो कसा मेला हे आज सत्तरी आली तरी मला सांगता येत नाही... म्हणून लिहितोय. पटलं तर घ्या, नाहीतर पान उलटा.

आम्ही कळंबचे, कर्जत तालुक्यातले. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मिलिटरीचे ट्रक लिलावात निघायचे आणि जो तो त्यांच्यावर तुटून पडायचा. आम्हालाही भात आणि गवत कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर न्यायला एक गाडी हवी होती. पण माझे थोरले भाऊ — अण्णा — म्हणायचे, "मिलिटरीची गाडी म्हंजे मारून मारून दामटलेला बैल. शेतावरची बघ रं, रघ्या. जपलेली."

खालापूरच्या लिलावात आसपासच्या जमीनदारांनीही आपल्या जुन्या गाड्या उभ्या केल्या होत्या. तिथे ती दिसली. लांब नाकाची, एका खोताची. पेडलच्या रबरावरच्या रेघा शाबूत, हत्यारांची पेटी देवघरासारखी लावलेली, मागच्या हौद्याला कोऱ्या फळ्या. इतकं जपलेलं वाहन मी तोवर पाहिलं नव्हतं. एकच वस्तू नव्हती — पुढून घालून इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल. तेव्हा गाड्या त्याच्यावरच सुरू करायच्या.

"खोतांनी ठेवून घेतलंय," कारभारी म्हणाला.

अण्णा खूश झाले. आमच्याकडे बैल विकला तरी दावं विकत नाहीत, गोठ्यातली लक्ष्मी जाऊ नये म्हणून मालक ते काढून घेतो. "गाडीचं दावं ठेवलंन खोतानं," अण्णा म्हणाले. "जीव हाय त्याचा तिच्यावर. हीच घ्यायची." मलाही ते लगेच पटलं. शहरातल्या माणसाने हँडल गेलं कुठे म्हणून दहा प्रश्न विचारले असते. आम्ही शेतकरी, आम्ही मनातल्या मनात खोताला हात जोडले.

शेवटच्या बोलीला एका व्यापाऱ्याने माझी गचांडी धरली, मी त्याचं नाक फोडलं, आणि गाडी आमची झाली.

दुसऱ्या गाडीचं हँडल मागून आणलं आणि गाडी बाहेर काढत होतो, तोच एक बाई आडवी आली. भागी तिचं नाव. त्या खोताकडे हीच गाडी चालवणाऱ्या नामाची बायको.

"भाऊ, हिचं हँडल हाय का तुमच्याकडं?"

"खोतांनी ठेवलंय."

"त्यावर माज्या लुगड्याची हिरवी पट्टी हाय. त्याच्या हाताला फोड यायचे, म्हनून मीच गुंडाळली व्हती." ती अण्णांकडे वळली. "दिवाळीपासून घरी नाय आला तो. खोत म्हनतो, दुसरी बाई घेऊन मुंबैला पळाला. गाव बी तेच म्हनतं. तो पळायचा नाय. तुमी गाडी घेऊन दहा गावं फिराल... तो जित्ता हाय का मेला, येवढंच मला कळू द्या."

कळलं तर सांगू, असा अण्णांनी शब्द दिला. मला विचाराल तर पळालाच असणार असं वाटलं होतं. माणसांबद्दल मत बनवायला मला तेव्हा वेळ लागत नसे.

कर्जतच्या उस्मानचाचांनी नवं हँडल ठोकून दिलं. महिनाभर गाडी तक्रार न करता धावली. मग एकदा खालापूरकडून गवत आणताना खोताच्या आमराईपाशी, वापरात नसलेल्या विहिरीसमोर, ती बंद पडली. अण्णा उतरले. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे उलटा झटका आला तरी हात सुटतो, हे मला शिकवणारे अण्णाच. त्या दिवशीही त्यांनी अंगठा तसाच ठेवला होता, मी पाहिलंय. तरी हँडल उलटं फिरलं आणि त्यांच्या मनगटावर बसलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. हाड कातडीतून बाहेर. अण्णा मातीत लोळत ओरडत होते, आणि मी घाबरून हँडल मारलं तर गाडी एका फेऱ्यात सुरू झाली.

उस्मानचाचा म्हणाले, टायमिंग पुढे गेलं असेल. मी ते मानलं. लागिर म्हणणाऱ्याला थोबाडलं तो हाच आठवडा.

दुसऱ्या वेळेला चैत्र संपत आला होता. भर दुपार. अण्णा हात गळ्यात बांधून माझ्या शेजारी, आणि कर्जतच्या बाजाराला निघालेली भागी मागे पोत्यांवर. बरोबर त्याच जागी गाडी पुन्हा बंद. मी स्विच बंद केला आणि हँडल घेऊन उतरलो. तेवढ्यात आमराईतून खोत आला, बरोबर दोन गडी.

त्याने पोत्यांवर भागीला पाहिलं मात्र, त्याचा चेहराच बदलला. "हिला इथं कोनी आनली?" म्हणत त्याने तिला केसाला धरून खाली ओढलं आणि पोटात लाथ घातली. ती दुमडली. तो दुसरी लाथ घालणार तोच मी धावलो, पण गड्यांनी मला धरलं. एकाची काठी कपाळावर बसली, डोळ्यांत रक्त उतरलं. हँडल माझ्या मुठीतच होतं.

"ढकला रं ही गाडी," खोत ओरडला. गडी मला सोडेनात, तसा तो स्वतःच गाडीपुढे गेला आणि तिच्या नाकाला दोन्ही हात लावले.

इंजिन सुरू झालं.

स्विच बंद होता. अण्णा आत बसलेले, त्यांचा हात गळ्यात. आम्हाला दिसलं ते एवढंच — खोताचं डोकं एकदा उजवीकडे फेकलं गेलं. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, आणि तो गुडघ्यांवर बसला. कवटी मागून फुटली होती. रक्त आणि आतलं काहीबाही मडगार्डवर उडालं. इंजिन बंद पडलं. गड्यांचे हात माझ्या दंडांवरून आपोआप गळाले.

खोताशेजारी फुफाट्यात एक हँडल पडलं होतं. ओलं, शेवाळलेलं. मुठीला कुजकी हिरवी पट्टी गुंडाळलेली. उस्मानचाचांचं हँडल अजून माझ्या हातात होतं... कोरडं.

भागी पोट धरून सरपटत आली. तिने ती पट्टी बोटांनी चाचपली, आणि मग मान वर करून विहिरीकडे पाहिलं.

फौजदाराने मला दोन दिवस बडवलं. पण खोताच्याच गड्यांनी साक्ष दिली, की मला त्यांनी धरून ठेवलं होतं. विहीर उपसली. नामा तळाशी होता, कमरेला जातं बांधलेलं, कवटीला मागून तीन तडे. मग एका गड्याने तोंड उघडलं. नामाच्या हातून मडगार्डला ओरखडा आला, एवढंच कारण. खोताने त्याला हौद्यात पाडून त्याच्याच हँडलने मारलं आणि हँडलही त्याच्याबरोबर विहिरीत टाकलं. रक्ताळलेल्या काढून हौद्याला कोऱ्या फळ्या मारल्या, त्या त्यासाठी. आणि आम्ही ते बघून म्हणालो होतो, किती जपलीय.

विहिरीच्या काठावर सगळा गाव जमला होता. भागीने तळहाताने कुंकू पुसलं आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "माजा मानूस पळाला नव्हता." कोणी मान वर केली नाही.

पुढे ती गाडी आम्ही विकली. अण्णांनी आधी हँडल घेणाऱ्याच्या हातात दिलं, मग गाडी. तापलेलं इंजिन स्विच बंद करूनही कधीकधी फिरतं, असं मला मेकॅनिक सांगतात. फिरत असेल. पण दिवाळीपासून विहिरीच्या तळाशी पडलेलं लोखंड रस्त्यावर कसं आलं, हे एकानेही सांगितलेलं नाही.

भागीला मी एकदा विचारलं, तुला काय वाटतं. ती भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

"मला तो कुठं हाय येवढंच पायजे व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "कसं कळलं ते तुमी बघा."