कवळीची उलटी बाजू

आमच्या अप्पांचे दात गेले आणि वर्षभर त्यांनी कडक भाकरी आमटीत भिजवून खाल्ली. सोलापुरात याला जेवण म्हणत नाहीत. आई ताट वाढून दुसरीकडे बघायची.

शेवटी कवळी करायची ठरली. डॉक्टरांनी मशीनने माप घेतलं आणि कवळीची फाइल मला पाठवली: बघून हो म्हणा, मग बनवतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती उघडेना. मग मी एक चिमुकलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याला एकच काम येतं, वस्तू सगळीकडून फिरवून दाखवायची. बदलायला गेलात तर एक दातही हलत नाही.

पडद्यावर टोपलीएवढी कवळी हसू लागली. मी हो कळवणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "उलटी कर."

अप्पांनी जन्मभर चादरींच्या कारखान्यात माल तपासला. सुलट बाजू सगळ्यांचीच चांगली असते, असं त्यांचं मत. मी कवळी उलटी केली. अप्पा तोंड मिटून, हिरड्यांवर जीभ फिरवत पडद्याकडे बघत बसले. जीभ उजवीकडे गेली की मला हाताने खूण, उजवीकडे फिरव. अर्धा तास हा तमाशा चालला. माझं डोकंच फिरलं.

"ही माजी न्हाय," ते म्हणाले. "माज्या उजव्या हिरडीवर टेंगूळ हाय. हितं त्याला जागाच न्हाय की."

वडील जिभेने फाइल तपासतात, हे डॉक्टरांना फोनवर सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टरांनी लगेच नोंदी काढून बघितल्या. फाइलींची अदलाबदल झाली होती. अप्पांच्या मापाची कवळी दुधनी गावचे एक आजोबा पंधरा दिवसांपूर्वीच घालून गेले होते. त्यांची तक्रार काही नव्हती.

"दुखत नसंल व्हय त्यास्नी?" अप्पांनी विचारलं.

"दुखत असणारच," मी म्हटलं. " त्यांना वाटलं असेल, कवळी अशीच असते."



आठवड्याने त्यांची नवी कवळी आली. आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. आम्ही सगळे कान देऊन बसलो. अप्पांनी भाकरी उचलली आणि परत ताटात ठेवली.

"आदी फोन लाव. त्यास्नी त्यांची मिळाली का इचार."

मिळाली होती, सकाळीच. मग अप्पांनी भाकरीला दात लावला. कडकन आवाज झाला.

"हळू खावा की, भाकरी कुटं पळून चालली न्हाय," आई म्हणाली आणि रडायला लागली.